ह्लाइबाझ आणि मंदाताईंची भाकरी

भाकरी थापणाऱ्या बाईला उठून उभा राहून मान देणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला, तो म्हणजे माझे खोलीशेजारी मास्तर. मूळचे मालवणकडचे, सिल्वासाच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे. पण त्यांचा जीव जडला होता तो एका शब्दावर: ह्लाइबाझ. इंग्रज आणि जर्मनांच्या पूर्वजांच्या बोलीत म्हणे भाकरीला ह्लाइबाझ म्हणत. हा शब्द लिहिलेला कुठेच सापडलेला नाही. नातवंडांचे चेहरे बघून आजोबांचं चित्र काढावं, तसा तो पंडितांनी पुढच्या भाषांवरून बनवला, आणि हा आपला अंदाज आहे हे कळावं म्हणून त्याच्यापुढे एक चांदणी काढली. मास्तरांना त्या चांदणीचं वेडच लागलं. सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या आमच्या खानावळीच्या फळ्यावर 'बटाट्याचा रस्सा' असं दिसलं, की ते खडूने बटाट्यापुढे चांदणी काढत. म्हणत, "दिसला नाही तरी होता, असं मानायचं!"

याच ह्लाइबाझपासून इंग्रजीत भाकरी राखणारा तो लॉर्ड झाला आणि पीठ मळणारी ती लेडी. म्हणून खानावळवाल्या मंदाताई, धुळ्याकडच्या, भाकरीची टोपली घेऊन आल्या की मास्तर ताडकन उठत. तोंडात घास असला तरी उठत. जेवायला येणारी कंपनीतली पोरं खो खो हसत. "आणि आपण कोण?" मी एकदा विचारलं. "भाकरी खाणारे, म्हणजे नोकर! त्या काळी नोकराला हाच शब्द होता. उठा!" माझं आपलं जेवण चालूच.

मग जागामालक गुजराती शेठने फर्मावलं, खानावळ उठवा, इथे कामगारांच्या खाटा लावायच्यात. मंदाताईंचं सगळं घर त्या खानावळीवर चाललेलं. त्या नुसत्या रडत बसल्या. मास्तर खडू घेऊन तडक शेठच्या घरी, मी मागोमाग. तिथे त्यांनी ओट्यावरच्या फरशीवर ह्लाइबाझची वंशावळ काढायला घेतली. शेठची जेवणाची वेळ टळली, ओटा संपत आला, वंशावळ संपेना. शेवटी मास्तर कडाडले, "म्हणजे तुम्ही लॉर्ड! भाकरीचे राखणदार! आणि राखणदारच भाकरीवालीला हाकलणार?"

शेठने हात जोडले. "राखो मेस, मास्तर, राखो! पण आ चॉक मूकी दो!"

मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि खानावळ राहिली. मास्तर मात्र पुढे निवृत्त होऊन गावी गेले. दुसऱ्या दिवशी मंदाताई टोपली घेऊन आल्या आणि मास्तरांच्या रिकाम्या जागेकडे बघत दारातच थांबल्या. मला फार वाईट वाटलं. मी उठलो. मग ती हसणारी पोरंही एकेक करून उठली.

"बसा ना भाऊ," डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, "भाकर थंडी व्हई राहिनी."