आमचं अनलिमिटेड नेट आणि एकवीस सवाष्णी

मला एक सांगा, चारचौघांत भांडून, जिंकून, ताठ मानेनं घरी आल्यावर तुम्हाला कधी कळलंय का, की चोर आपल्याच घरात होता? आणि तोही दुसरा-तिसरा कुणी नाही, आपणच?

मला कळलंय. चहा घ्या, सांगते.

आमच्या संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या घरात मोबाइलला रेंज म्हणून येत नाही. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला तर एखादी काडी दिसते. माझी मेधा बी.कॉम. झाली आणि नोकरीसाठी अर्ज करू लागली, तेव्हा मी ठरवलं, घरात नेट घ्यायचं. आणि घ्यायचं ते माझ्या नावावर! मी दहावी पास. घर यांच्या नावावर, गाडी यांच्या नावावर, गॅस यांच्या नावावर. म्हटलं, एक तरी तार माझ्या नावानं घरात येऊ दे.

कंपनीचं ऑफिस औरंगपुऱ्यात. तिथल्या चष्मेवाल्या साहेबांना म्हटलं, "मला फक्त नेट पाहिजे."

"फक्त नेट नाही मिळत काकू. बंडल घ्यावं लागतं."

"म्हणजे?"

"नेट, साडेतीनशे चॅनेल, घरचा फोन आणि चौदा ॲप."

आता काय बोलायचं? मेथीची जुडी घ्यायला गेलं तर भाजीवाली म्हणते का कधी, की सोबत भोपळा, सुरण आणि टोपली घेतल्याशिवाय मेथी मिळणार नाही? पण इथं तसंच होतं. मी एवढंच विचारलं, "नेट अनलिमिटेड आहे ना?" ते म्हणाले, "आहे." मी चार वेळा विचारलं. चारही वेळा ते म्हणाले, "आहे." मी सही केली. झोकदार सही केली, खाली दोन टिंबं देऊन.

साडेतीनशे चॅनेलमधली तीनशे तर कोणत्या भाषेतली आहेत तेच आम्हाला अजून कळलेलं नाही. घरच्या फोनवर एकाच ठिकाणाहून फोन येतो, त्याच कंपनीचा. "मॅडम, याच्यापेक्षा मोठं बंडल घेता का?" पण नेट मात्र असं पळायचं, की मेधा म्हणाली, "आई, मानलं तुला." पोरीच्या तोंडून असं ऐकायला किती वर्षं लागतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

तेवढ्यात संक्रांत आली.

आमच्या गल्लीतलं हळदीकुंकू म्हणजे वाण काय द्यायचं याची चुरस असते. मागच्या वर्षी मला अकरा चहाच्या गाळण्या आल्या. अकरा! त्याच्या आदल्या वर्षी साबणाच्या डब्या. घरात साबण एक आणि डब्या नऊ. या वर्षी मी ठरवलं, असं वाण द्यायचं की गल्लीनं नाव काढलं पाहिजे.

आणि मी काय दिलं असेल?

आमच्या वायफायचा पासवर्ड!

हसू नका. मी विचार केला, अनलिमिटेड आहे. विहिरीला पाणी आहे, चार घागरी शेजारणींनी नेल्या तर काय आटणार आहे? पुठ्ठ्याच्या छोट्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर माझ्या सुवाच्य अक्षरात पासवर्ड लिहिला, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि तिळगुळाच्या पुडीला बांधून दिल्या. एकवीस बायका, एकवीस चिठ्ठ्या. शेजारच्या शेळके वहिनी चिठ्ठी कपाळाला लावून म्हणाल्या, "सुनंदाताई, असलं वाण अख्ख्या संभाजीनगरात कुणी दिलं नसंल!"

माझी छाती काय फुलली! आठ दिवस मी गल्लीतून चालत नव्हते, मिरवत होते.

आणि मग नेट मंदावलं.

आधी जरासं. मग असं, की मेधाच्या लॅपटॉपवर ते गोल चक्र फिरायला लागलं की मी भाजी निवडून, धुऊन, फोडणीला टाकून यायची, तरी चक्र तिथंच. मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलताना मेधाचा चेहरा तोंड उघडं असतानाच थिजायचा. आणि नेमकं त्याच वेळी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा मेल आला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता मेधाची मुलाखत. व्हिडिओवर!

मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. "राउटर बंद करून परत चालू करा." केलं. "परत करा." परत केलं. इतक्यांदा केलं, की शेवटी त्याचं बटणच सैल झालं.

मंगळवारी मी पदर खोचला. शेळके वहिनींना म्हटलं, "चला औरंगपुऱ्यात. साक्षीला पाहिजे कुणीतरी." त्या एका पायावर तयार! रिक्षानं निघालो आम्ही.

ऑफिसात ही गर्दी. मी थेट टेबलापाशी गेले. आता मी तशी आवाज चढवणारी बाई नाही. घरी दूधवाल्यालासुद्धा "अहो, जरा पातळ लागलं हो" असं म्हणते. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे!

"साहेब, अनलिमिटेड म्हणून तुम्ही मला चार वेळा सांगितलं. हे अनलिमिटेड आहे? यापेक्षा पोस्टकार्ड लवकर जातं! साडेतीनशे चॅनेल गळ्यात मारली, न मागितलेला फोन गळ्यात मारला, आणि जे मागितलं तेच देत नाही? गुरुवारी माझ्या मुलीची मुलाखत आहे. तिची नोकरी गेली तर तुमच्या चौदा ॲपमधलं कोणतं ॲप ती परत आणून देणार आहे?"

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, टाळ्या! एक आजोबा म्हणाले, "बोला ताई, बोला! आमचंबी हेच दुखणं हाय."

शेळके वहिनींनाही जोर चढला. "व्हय साहेब! आमच्या घरीबी लई स्लो चालतंय!"

साहेब वहिनींकडे वळले. "तुमचा ग्राहक क्रमांक?"

"आमचा कशाला? ह्यांचाच की!"

साहेबांनी चष्म्यावरून एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पण मागनं लोकांचा गलका इतका, की बिचारे पुढं काही विचारू शकले नाहीत. म्हणाले, "उद्या माणूस पाठवतो काकू. सगळ्यात अनुभवी माणूस पाठवतो."

जिंकले! येताना वहिनींना उसाचा रस पाजला. घरी येऊन यांना सगळं भाषण पुन्हा करून दाखवलं, टाळ्यांच्या जागी थांबून.

बुधवारी दुपारी ते अनुभवी गृहस्थ आले. पठाणभाई. दाढी पांढरी, खांद्यावर वायरीचं वेटोळं. त्यांनी तार पाहिली, राउटर पाहिला, मग स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी उघडून बराच वेळ बघत बसले.

"भाभी, घर में कितने लोग हैं?"

"तीन. मी, हे आणि मुलगी."

"तीनच?"

"तीनच की! का?"

"मेरे को तो इकतीस मोबाइल और सहा टीव्ही दिख रहे. ये पिंकी पार्लर कौन है?"

मी राउटरवरची धूळ पुसायला लागले.

"ये शेळके टीव्ही?"

मी पदराशी चाळा करायला लागले.

"और ये कॅमेरा किसका है? चौबीस घंटे चालू है."

तो कॅमेरा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा होता. गिरणीच्या मालकीण कुलकर्णीकाकू हळदीकुंकवाला आल्या होत्या ना!

"पण भाई," मी शेवटचा धागा धरला, "नेट तर अनलिमिटेड आहे."

"अनलिमिटेडच है भाभी. लेकिन लिमिट के बाद स्पीड गिर जाती. वो नीचे बारीक अक्षरों में लिखेला है."

अनलिमिटेडला लिमिट! मी हे चार वेळा विचारलं होतं हो, पण लिमिट कुठं आहे, असं विचारायला पाहिजे होतं, हे मला काय माहीत? पठाणभाई म्हणाले, या महिन्याची लिमिट कधीच संपली आहे, आता फक्त थेंब थेंब येणार. वरचं बंडल घ्यायचं तर चालू व्हायला तीन दिवस. "कल के लिए एकच इलाज. सिर्फ बेटी का लॅपटॉप चालू रखो. बाकी सब बंद."

ते गेले आणि मेधा कपाळाला हात लावून बसली. "आई, वाणाला पासवर्ड? आत्ताच्या आत्ता बदलून टाकते."

"काहीतरीच काय! सवाष्णीला दिलेलं वाण परत घेतात का कुठं?"

"मग मी शेळके काकूंच्या घरी बसून मुलाखत देते."

"तिथं आपलंच नेट आहे बाळा."

मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यापुढं मला माझी टाळ्यांची सगळी मिजास फिकी वाटायला लागली. वर्षभर ती या एका संधीची वाट बघत होती, आणि मी तिची संधी तिळगुळासोबत वाटून मोकळी झाले होते. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "वाण परत घेऊ नकोस. पण एक तास बंद ठेवा, असं सांगायला काय हरकत आहे?"

कधी कधी बोलतात ते बरोबर.

मग काय, संध्याकाळी एकवीस घरं. आणि एकवीस वेळा तीच कबुली. शेळके वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजी काल मी माझ्याच विरुद्ध साक्ष दिली व्हय?" मग इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "कॅमेरा बंद ठेवते. पण गिरणीत चोरी झाली ना, तर महिनाभर दळण तू दळून द्यायचं. जात्यावर!"

गुरुवारी सकाळी पावणेअकराला बेल वाजली. दारात सगळ्याजणी! कुणाचा कुणावर विश्वास नव्हता ना. प्रत्येकीनं घरातले फोन, टीव्ही बंद केले होते आणि आपापला बंद फोन हातात घेऊन त्या आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. सतरंजीवर एकवीस बायका, आणि आवाज म्हणून नाही. अहो, एकवीस बायका गप्प! पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. पिंकीनं तर पार्लरची आलेली गिऱ्हाइकीण परत पाठवली होती. असली गल्ली मिळायला भाग्य लागतं.

आतल्या खोलीत मेधाची मुलाखत सुरू झाली. मी दाराच्या फटीशी उभी. समोर चष्मेवाल्या एक मॅडम, आणि माझी मेधा! मान वर, आवाज खणखणीत. मॅडम विचारतायत, ही हसून उत्तर देतेय. जिथं येत नव्हतं तिथं सरळ म्हणाली, "हे मला माहीत नाही, पण मी शिकून घेईन."

आमच्या घराण्यात बायकांची मुलाखत एकच असायची, चहापोह्याची. मी आणि पिशोरची माझी मोठी बहीण आक्का, दोघी पाहुण्यांपुढं मान खाली घालून बसलो होतो. "सैपाक येतो का?" एवढाच प्रश्न. आणि इथं आमच्या घरातली मुलगी समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. आनंदानं माझ्या डोळ्यांना नुसती धारच लागली.

आणि अचानक मॅडम थिजल्या. एक हात वर, डोळे अर्धे मिटलेले.

"मॅडम? मॅडम, आवाज येतोय?" मेधा घाबरीघुबरी झाली. मग दार उघडून बाहेर आली. "कुणाचा चालू आहे?"

एकवीस हात वर झाले. "बंद!" "माझाबी बंद!" "हा बघ, बंद!" कुलकर्णीकाकूंनी तर फोनची बॅटरीच काढून हातात धरली होती.

सगळ्या एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. शेळके वहिनी ओरडल्या, "कोण हाय ती? कबूल कर मुकाट्यानं!"

आणि तेवढ्यात माझ्या पदराखालून आवाज आला.

"का गं सुनंदे, हालंना का तुमच्याकडं? आमाला तर लई झकास दिसू राह्यलं! जरा डावीकडं धर, पोरीचं तोंड झाकायलंय!"

आक्का. पिशोरहून. व्हिडिओ कॉलवर.

अहो, काय करू? हे आक्कानं बघायला नको होतं का? मी हळूच फोन लावून पदराआडून दाराच्या फटीशी धरला होता. तिकडं आक्काच्या ओट्यावर अख्खी आळी जमली होती.

मी कॉल तोडला. मॅडमचा वर गेलेला हात खाली आला. मेधानं खोटं काही सांगितलं नाही. म्हणाली, "सॉरी मॅडम, माझी आई ही मुलाखत गावाकडे दाखवत होती." मॅडम मनापासून हसल्या. पुढची वीस मिनिटं अडथळा न येता पार पडली, आणि संध्याकाळी मेल आला. मेधाची निवड झाली! तो पहिल्यांदा कुठं उघडला सांगू? वहिनींच्या घरी. आमच्या दारापेक्षा त्यांच्या ओट्यावर नेट बरं चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेधानं पासवर्ड बदलला, नव्या एकवीस चिठ्ठ्या लिहून घरोघरी स्वतः देऊन आली, आणि मला तेवढा सांगितला नाही.