मामींचा फोटो

मामींच्या तेराव्याला भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. चेहरा धुरकट, नजर भेदरलेली. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला होता.

याच घरात मामा आणि त्यांची मुलगी मेघना कॅमेऱ्यावरून वर्षानुवर्षं वाद घालत. मामा रोलच्या कॅमेऱ्याचे भक्त. "मोजकेच फोटो मिळतात, म्हणून माणूस आधी नीट बघतो," असं ते म्हणायचे. "डिजिटलमध्ये काही निसटत नाही, बाबा," हे मेघनाचं उत्तर. मामी दोघांपुढे चहा ठेवून आत जायच्या.

मामी वारल्यावर दोघांनी त्यांचे फोटो शोधले. मामांच्या अल्बममध्ये घाट होते, बगळे होते, देवळांवरचं ऊन होतं. मामींवर रोल खर्च करावा असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मेघनाच्या फोनमधल्या हजारो फोटोंत मामी होत्या, पण कुठे नुसता वाढणारा हात, कुठे कडेला अर्धा पदर. वादात दोघांचंही म्हणणं खरं होतं. मामींना त्याचा काही उपयोग झाला नाही.

जेवणं उरकल्यावर मामा हळूच म्हणाले, "मेघना, माझा एक फोटो आजच काढून ठेव."

तिने फोन उचलला, त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा खाली ठेवला. आधी तिला त्यांना नीट बघायचं होतं.