टिळेकरांना काय झालं होतं

अविनाश टिळेकर कुणालाही गाठून एकच प्रश्न विचारायचे. "तुमच्यात याला काय म्हणतात?" मला विचारला, आमच्या फादरना विचारला, त्यांच्या ऑफिसातल्या सुदानी उस्मानला विचारला. विमानतळावर जाताना टॅक्सीच्या पठाण ड्रायव्हरलाही त्यांनी तो हिंदीत विचारल्याचं मेधा सांगायची. 'याला' म्हणजे नेमकं कशाला, हे समजावून सांगताना त्यांची फार तारांबळ उडायची. आणि सांगून झालं की ऐकणारा जेवढा गोंधळलेला असायचा, तेवढेच तेही.

अबूधाबीत अल रीम आयलंडवर आमची दारं समोरासमोर होती. आम्ही वसईचे कॅथलिक. मी एका हॉटेलच्या एचआरमध्ये, माझा नवरा स्टीफन शिपिंगमध्ये. टिळेकर पुण्याचे, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर सीनियर इंजिनीअर. मेधा, त्यांची बायको, शाळेत गणित शिकवायची आणि मुलगी सई बारावीत होती. मेधाशी माझी पहिल्या महिन्यातच मैत्री झाली. टिळेकरांशी मैत्री होणं अवघडच होतं. लिफ्टला उशीर झाला की ते खाली सिक्युरिटीला फोन लावत. मेधा तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायला लागली की हे टीव्हीचा आवाज वाढवत. नाताळात आमच्याकडे येशूजन्माचा गोठा मांडलेला असला की वाकून बघत आणि म्हणत, "ग्रेसी, एवढ्या मेंढ्यांना वाळवंटात पाणी कोण पुरवतंय? आम्हीच ना?" मग स्वतःच हसत.

म्हणून एका शनिवारी दुपारी ते एकटेच आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, आमच्या एसीचं पाणी त्यांच्या बाल्कनीत गळत असणार. ते आत आले, सोफ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "ग्रेसी, तू चर्चला जातेस. मला सांग, तुमच्यात याला काय म्हणतात?"

मग त्यांनी मशीनमधला बिघाड रिपोर्ट करावा तशा आवाजात सगळं सांगितलं. आदल्या आठवड्यात ते मॉलमधून भाजी घेऊन बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उतरले होते. गाडी कुठे लावली ते आठवेना. हातात कढीपत्त्याची पिशवी. एका खांबाजवळ थांबून ते इकडेतिकडे बघत होते.

"आणि मग शोधणारा नव्हताच," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे गाड्या होत्या. ट्यूबलाइट होती. कढीपत्ता होता. मी नव्हतो. आणि कुणाला काही कमी पडत नव्हतं. सगळं जागच्या जागी, इतकं बरोबर की... किती वेळ ते माहीत नाही. मग मी एका परक्याच्या गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून रडत होतो आणि सिक्युरिटीवाला पाण्याची बाटली धरून 'साब, साब' करत होता."

टिळेकर रडले, हे ऐकूनच मी इतकी गोंधळले की बाकीच्याचा विचार मी त्यांना चहा देऊन पाठवल्यावर केला.

आधी ते डॉक्टरकडे गेले. मेंदूचे सगळे फोटो काढून झाले, रिपोर्ट नॉर्मल आले. मेधाने आनंदाने मला मिठी मारली. टिळेकर मात्र निराश होते. "काही निघालं असतं तर नाव तरी मिळालं असतं," म्हणाले. पुण्याला त्यांचे एक काका कुठल्याशा मठाचे अनुग्रहित होते. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ही समाधीची झलक आहे, आता गुरू करून घे. टिळेकरांनी विचारलं, झलक असेल तर बाकीचं कुठे आहे? काका रागावले आणि फोन मेधाकडे द्यायला सांगितलं.

मग मी त्यांना आमच्या फादरकडे नेलं. फादर मंगळूरचे, मोडक्या हिंदीत बोलणारे, वयस्कर. त्यांनी मध्ये एकदाही न थांबवता ऐकलं. हसले नाहीत, चकितही झाले नाहीत. असं झाल्याचं लिहून ठेवणारे लोक आमच्यातही होऊन गेलेत, म्हणाले. काहींना आधी आनंद झाला आणि नंतर वर्षानुवर्षं नुसता अंधार. मग त्यांनी विचारलं, "घर में आप कैसे हैं? उसके बाद?"

"घर का क्या संबंध?" टिळेकर म्हणाले.

"वही देखना पड़ता है," फादर म्हणाले. "बाकी हम को भी नहीं मालूम."

गाडीत टिळेकर कुरकुरत होते की एवढ्या मोठ्या संस्थेकडे इतक्या वर्षांत याची काही टेस्ट नाही. मी लहानपणापासून गुडघ्यांवर बसत आलेय. रोझरी कधी चुकवली नाही. चर्चच्या कॉयरमध्ये गायले, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात उपास केले. मला कधी काहीही झालं नाही. आणि देवापुढच्या दिव्यासमोर टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या माणसाला ते झालं, तेही पार्किंगमध्ये. मला हेवा वाटत होता की राग येत होता की हा सगळा मेंदूचा खेळ आहे अशी आशा वाटत होती, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

घरी ते कसे होते, हा प्रश्न फादरनी बरोबर विचारला होता. टिळेकर बदलले होते. लिफ्टसाठी शांत उभे राहायचे. मेधाचा दिवा लागला की टीव्ही बंद करायचे. सई एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आंटी, डॅड इज बीइंग सो नाइस. इट्स स्केअरिंग मी." तिच्या ड्रायव्हिंगच्या हट्टाला ते "बरं" म्हणाले होते, आणि नुसतं "बरं" म्हणाले म्हणून ती रडत होती.

उस्मानने त्यांना सगळ्यात सहज घेतलं. त्याचे आजोबा, पणजोबा सुदानमधल्या एका सूफी परंपरेतले. त्याचे म्हातारे मामा ओमदुरमानहून राहायला आले होते, तर त्याने आम्हा सगळ्यांनाच जेवायला बोलावलं. पुरुष बाहेरच्या खोलीत, आम्ही बायका आत. जेवण झाल्यावर बाहेर ते देवाचं नाव घेत बसले. आधी हळू, मग एका लयीत, श्वासासारखं. भिंतीतून तो आवाज येत होता आणि उस्मानची बायको आम्हाला जास्वंदीचं सरबत वाढत होती. मेधाचा पेला तसाच हातात राहिला.

"ग्रेसी," ती मराठीत म्हणाली, कारण तिथे आम्हा दोघींशिवाय ते कुणाला कळणार नव्हतं, "माझा नवरा कुठेतरी निघून गेलाय. जो परत आलाय तो फार चांगला माणूस आहे. पण त्याची माझी ओळख नाही. पूर्वी भांडायचा तरी. आता माझ्याकडे बघतो ते खिडकीतून समुद्र बघावा तसं."

मी म्हटलं, "तू त्याला सांगितलंस का हे?"

"सांगितलं. 'बरं' म्हणाला."

परतताना मी टिळेकरांना विचारलं, मामा काय म्हणाले? "म्हणाले, अरबीत त्याला 'हाल' म्हणतात, म्हणजे अवस्था. पाहुण्यासारखं येतं, जातं. आपण बोलवायचं नाही, अडवायचं नाही. मग मला आणखी भात वाढला." पुढे म्हणाले, "माणूस बरा वाटला. पण पाहुणा आला तेव्हा घरमालकच नव्हता, त्याचं काय? ते विचारलं तर नुसते हसले. खलास."

तोवर ही गोष्ट आमच्या मराठी लोकांत पसरली होती. शनिवारी सकाळी टिळेकरांच्या दाराबाहेर चपला दिसायला लागल्या. कुणी दुबई मरीनाहून दीड तास गाडी चालवत यायचं. एका बाईने मुलाला परीक्षेआधी त्यांच्या पायावर घातलं. टिळेकर पाय सोफ्यावर ओढून घेत आणि म्हणत, "अहो, मला काही कळलेलं नाही. खरंच काही कळलेलं नाही." लोक एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. त्यांना वाटायचं, किती नम्रता. एका गृहस्थाने तर त्यांचं हे वाक्य रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. मेधाने शेवटी सगळ्यांना मेसेज केला की आमच्याकडे कांजिण्या आहेत.

चपला थांबल्या, पण टिळेकर शनिवारी घरातून नाहीसे व्हायला लागले. ते कुठे जातात हे मेधाला माहीत नव्हतं, मला अंदाज होता. मी तिला त्या मॉलला घेऊन गेले. बेसमेंटमध्ये, एका खांबाजवळ, ते हात मागे बांधून उभे होते. बस येण्याची वाट बघत असावेत तसे. तोच सिक्युरिटीवाला खुर्ची घेऊन जवळ बसला होता. आम्हाला बघून मला हळूच म्हणाला, "मैडम, साब हर हफ्ते आते हैं. किसी को कुछ बोलते नहीं."

मी मागेच थांबले. मेधा त्यांच्याजवळ गेली. दोघं काय बोलले ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"इथेच?" तिने विचारलं होतं.

"इथेच."

ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. गाड्या येत जात होत्या. तिला काही झालं नाही. पाय दुखायला लागले. मग ते म्हणाले, "मेधा, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. त्या वेळी मला तुमची आठवण आली नव्हती. तू नव्हतीस, सई नव्हती. आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. तेव्हापासून मी तुमच्याशी चांगलं वागायचा प्रयत्न करतोय."

"मग इथे परत परत का येतोस?" मेधाने विचारलं.

"पुन्हा होतंय का बघायला. आणि पुन्हा झालं तर काय करू, या भीतीने."

हे सांगताना मेधा माझ्याच सोफ्यावर बसली होती. मी तिला विचारलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, "काय करणार? खूप रडले. मग ओरडले. त्या पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर ओरडले की तुझ्या त्या बरं वाटण्यात मला कुठेच जागा नसेल तर ते देवाचं असू दे नाहीतर आणखी कुणाचं, मला नकोय. तर तोही ओरडला. म्हणाला, मला तरी कुठे हवंय, मी काय मागायला गेलो होतो का? सिक्युरिटीवाला उठून लांब गेला." डोळे पुसता पुसता ती हसली. "किती महिन्यांनी भांडलो, ग्रेसी."

त्यानंतर ते पार्किंगला गेले नाहीत. निदान आम्हाला तरी तसं वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. सईला पुण्यात अॅडमिशन मिळाली होती आणि मेधालाही परत जायचंच होतं. सामान गेलं त्या दुपारी मी चहाचा थर्मास घेऊन समोर गेले. मेधा किल्ल्या द्यायला खाली गेली होती. टिळेकर रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर बसले होते. मीही बसले. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते मी विचारून टाकलं.

"मला का नाही झालं कधी? मी तर लहानपणापासून मागतेय."

मी ओतलेला चहा त्यांनी आधी संपवला.

"मला माहीत नाही," म्हणाले. "तू मागतेस ते कुणाकडे तरी मागतेस ना? तिथे कुणी आहे, असं तुला वाटतं?"

"हो. ऐकणारं कुणीतरी आहे, एवढं वाटतं. उत्तर येत नाही. पण ऐकतंय."

"रोज वाटतं?"

"रोज नाही. पण बहुतेक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते समुद्राकडे बघावं तसं नव्हतं. "मला तिथे कुणी भेटलं नाही, ग्रेसी," ते म्हणाले. "इतकं सगळं होतं आणि कुणी नव्हतं. तुझं बरं आहे." त्यांच्या आवाजात हेवा होता. मला तो ओळखू आला, कारण तो माझ्या ओळखीचा होता. मी थर्मासमधला उरलेला चहा त्यांना ओतून दिला.

आता समोर एक लेबनीज कुटुंब राहतं. मेधाचा फोन येतो. मागच्या रविवारी आला तेव्हा तिने गुडघेदुखी, सईचं हॉस्टेल, पुण्याचा ट्रॅफिक असं सगळं सांगितलं. मग मी विचारलं, "टिळेकर काय करतात?"

"काय सांगू तुला," ती म्हणाली. "सकाळी मी पूजेला बसले की शेजारी पाट घेऊन बसतो. मला विचारतो, तू मनात नेमकं काय बोलतेस? कुणाशी बोलतेस? मला शिकव. मी म्हटलं, अरे, यात शिकवण्यासारखं काय आहे, सांगायचं आपलं मनातलं. तर हात जोडून बसतो. अवघडलेला असतो, पहिलीत नवीन घातलेल्या मुलासारखा."

"मग? काही होतं का?"

"काही होत नाही म्हणतो. कुणी ऐकतंय असंही वाटत नाही म्हणतो. पण माझं होईपर्यंत उठत नाही."

स्टीफन खाली गाडी काढून थांबला होता, मिस्साच्या प्रार्थनेला उशीर होत होता, म्हणून फोन ठेवावा लागला. चर्चमध्ये मला कोपऱ्यातली जागा मिळाली. त्या दिवशी काहीही न मागता नुसतं बसून बघायचं, असं मी वाटेतच ठरवलं होतं. ते जमलं नाही. मेधाच्या गुडघ्यांसाठी मागितलं, सईसाठी मागितलं. टिळेकरांसाठी काय मागायचं ते मात्र समजेना. ते पुन्हा व्हावं म्हणून मागावं की कधीच होऊ नये म्हणून? मग नुसतं त्यांचं नाव घेतलं आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडलं.