अंगठा शाळेत गेलाय

आमच्या सोलापूरच्या भाकरी केंद्रात एक बरं असतं. हात थापण्यात गुंतले की तोंड मोकळं! त्यात शाळा सुटली की सगळ्यांची पोरं इथंच येतात, आणि पोरं आली की मोबाईल हातचा गेला. त्यामुळे पोरांनी गेममध्ये काय काय विकत घेतलं, याचा रोज एक तरी नवा किस्सा असतोच. जुना सांगून संपत नाही तोवर दुसरी म्हणते, "हे तर काहीच न्हाई!"

*

मंदाच्या ओमनं गेममधल्या माणसाला कोट घेतला. खऱ्या पैशांचा! बँकेचा मेसेज आला तशी मंदा तव्यासमोरून उठली.

"अरे, तुझ्या शर्टाला गुंडी न्हाई, आन् त्या मेल्याला कोट?"

ओम शांतपणे म्हणाला, "तितं लई थंडी हाय, आई."

*

रेणुकाच्या घरी तेलुगू बोलतात. पिन दाबताना आकडे तोंडानं म्हणायची तिला सवय. आम्ही म्हटलं, "अगं, पोरं ऐकतात. मनात म्हण की!"

ती हसली. "आता मी तेलुगूत म्हणते. कुणाला कळतंय?"

आम्हाला खरंच कळलं नाही. पण थोड्याच दिवसांत तिच्या लेकीनं गेममध्ये बंगला घेतला! रेणुका आम्हालाच विचारते, "तिला नंबर कसा कळला गं?"

मंदा म्हणाली, "तू लेकीशी घरी कशात बोलतीस?"

रेणुकाचा हात भाकरीवरच थांबला.

*

मी आपला साधा उपाय केला. फोन पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात लपवला आणि निवांत झाले. धाकट्यानं वडिलांच्या फोनवरून रिंग दिली आणि स्वयंपाकघरातून ओरडला, "आई, पिठाला फोन आलाय!"

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका शनिवारी केंद्राच्याच फोनवरून कुणीतरी गेमचे हिरे घेतले. ज्वारीचे पैसे! केंद्र चालवणाऱ्या अक्का भडकल्या.

"सोमवारपासून एक बी पोर हितं दिसायचं न्हाई!"

काशीबाईंचा चेहरा उतरला. घरात त्या आणि दुसरीतली नात गौरी, दोघीच. "पोरीला एकटीला कुटं ठेवू, अक्का? मलाच काम सोडावं लागंल की."

अक्का ऐकेनात. फोनला लॉक बसवायला आम्ही लगेच मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अंगठा लावा." अक्कांचा लावला, माझा लावला, काशीबाईंचा लावला. तव्यावर भाजून भाजून बोटं गुळगुळीत झालेली, फोन एकीचाही अंगठा घेईना! आजीचा पदर धरून उभ्या असलेल्या गौरीनं सहज अंगठा टेकवला, आणि लगेच लागला.

"ऱ्हाऊ दे तिचाच," अक्का दुकानदाराला म्हणाल्या. "आता ती केंद्रात येणारच न्हाई. मग कोण उघडतंय फोन? आन् लॉकला तुमी टाकलेला पिन कुणाला सांगू नका. आमाला बी न्हाई!"

त्यानं खरंच सांगितला नाही.

सोमवारी सकाळी ज्वारीवाला टेम्पो घेऊन दारात. पैसे मोबाईलवरून द्यायचे. अक्का फोन पुसतात, फुंकतात, अंगठा दाबतात, उघडतो कसला! दुकानदार गावाला गेलेला. शाळा सुटायच्या वेळेला काशीबाई कायमचं काम सोडून जाणार होत्या. त्या मान खाली घालून भाकरी थापत हळूच म्हणाल्या, "अंगठा शाळेत गेलाय."

अक्का स्कूटीवरून शाळेत गेल्या. वर्गाच्या दारातच गौरीचा अंगठा लावून घेतला आणि खुशीत परत आल्या. केंद्रात पोचेपर्यंत फोन पुन्हा लॉक!

दुसऱ्या खेपेला त्या गौरीलाच न्यायला गेल्या. बाईंनी विचारलं, "कोण लागते ही तुमची?"

"सध्या तरी मालकीण!"

गौरी दप्तरासकट केंद्रात उतरली. ज्वारीवाला घड्याळ बघतोय, आम्ही सगळ्या भोवती उभ्या. अक्कांनी फोन पुढे धरला. गौरीनं अंगठा उचलला, मध्येच थांबवला, आणि काशीबाईंकडे बघितलं.

"आज्जी, अक्कांना ज्वारी घिऊ दे का?"

काशीबाईंनी पिठाचे हात झटकले.

"घिऊ दे, बाळा. पर अक्का, परत विचारल्याबिगर न्हाई हं!"