सोडायच्या खोलीला रंग

थोरलीला आपल्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा, आणि तो लपवायची तिला कधी गरजही वाटली नाही. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींवर इस्त्री फिरवता फिरवता ती धाकटीच्या फोनची नक्कल करून दाखवायची. मान तिरकी, आवाज साखरेत घोळलेला: "बाबाऽऽ, जेवलात नाऽऽ? औषध घेतलंत नाऽऽ? बरं ठेवू? मीटिंग आहे."

सोबतच्या बायका पोट धरून हसायच्या. थोरली मात्र इस्त्री आपटायची. "एवढ्यावर ती 'माझं बाळ'! आणि मी रोज डबा नेते, दवाखान्यात नेते, नखंसुद्धा कापते, तर मला काय? 'अगं ए, आज मीठ जास्त पडलंय.'"

बाबा घरं रंगवायचे. रंगाऱ्यांमध्ये त्यांना 'दोनहाती' म्हणत. मालक कितीही घाई करो, रंगाचा दुसरा हात मारल्याशिवाय त्यांनी कुणाची भिंत सोडली नव्हती. उभा जन्म लोकांची घरं उजळण्यात गेला आणि स्वतःचं घर तेवढं राहून गेलं. बायको गेल्यापासून ते एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, भाड्याच्या खोलीत राहत होते. खिडकीखाली ओल, भिंतीला पोपडे, आणि छताला एक डाग दर पावसाळ्यात बाळसं धरणारा.

आता इमारत विकली गेली होती. घरमालक स्वतः येऊन सांगून गेला, तेही अंगावरून मोरपीस फिरवल्यासारखं. "काका, तुम्ही म्हणजे घरचेच. पण महिनाअखेरीला खोली मोकळी करा हं."

थोरलीच्या घरी जागा असती तर प्रश्नच नव्हता. दीड खोलीत नवरा, दोन मुलं आणि सासू. सासू स्वयंपाकघरात ओट्याला पाय लावून झोपायची. बाबांना आणायचं तर कुणाला तरी खुंटीला टांगावं लागलं असतं.

"धाकटीला सांगूया का?" थोरलीने एकदा विचारलं होतं.

"खबरदार! तिच्या डोक्याला ताप नको."

"आणि माझ्या डोक्याला?"

"तुझं डोकं मजबूत आहे," बाबा म्हणाले, आणि डब्यातली भाजी चिवडत बसले.

मग मजबूत डोक्याची थोरली निवारा कार्यालयाच्या चकरा मारू लागली. रस्त्यावर यायची वेळ आलेल्या म्हाताऱ्यांना तिथून कमी भाड्याची खोली मिळते, असं तिला लाँड्रीतल्याच एकीने सांगितलं होतं. तिथल्या कारकुनाची नक्कल आठवडाभर लाँड्रीत गाजली. डोळे अर्धे मिटून, नाकातून: "पुढच्या खिडकीला जा." पुढच्या खिडकीत: "मागच्या खिडकीला जा." आणि मागच्या खिडकीला जावं तर खिडकीच बंद. शेवटी एकदाचं ठरलं. वृद्धांसाठीच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली होती. कार्यालयातल्या बाई येऊन बाबांची परिस्थिती पाहणार, खात्री पटली तर खोली बाबांची. नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाची.

पाहणीच्या दिवशी थोरली अर्धी रजा टाकून बाईंना घेऊन निघाली. बाई बोलायला मोकळ्या होत्या, फक्त दर वाक्याला 'म्हणजे कसंय ना' लावायच्या. थोरलीने ते लगेच उचललं आणि लाँड्रीसाठी जपून ठेवलं. जिना चढता चढता मात्र तिच्या नाकात एक वास शिरला, आणि तिचं पाऊल अडखळलं. हा वास तिला लहानपणापासून पाठ होता. ओल्या रंगाचा.

दार उघडंच होतं. पोपडे गायब, डाग गायब. चारही भिंती लोण्यासारख्या फिकट पिवळ्या, आणि बाबा स्टुलावर उभे राहून खिडकीच्या चौकटीला दुसरा हात मारत होते. हेच बाबा! थोरलीच्या स्वयंपाकघरातली काजळलेली भिंत रंगवा म्हटल्यावर वर्षभर 'खांदा धरलाय गं' म्हणणारे! आज खांदा कसा झुल्यावरच्या पोरासारखा झुलत होता.

आणि खाटेवर, भिंतीपासून अंग सांभाळत, धाकटी बसली होती. कामानिमित्त गावात आली होती म्हणे.

"माझं बाळ येणार म्हणून काल कळवलं ना तिनं," बाबा म्हणाले. "मग जरा हात फिरवला."

थोरलीने खांद्यावरची पिशवी इस्त्रीसारखी खाली आपटली.

बाईंनी चारी भिंती पाहिल्या. "म्हणजे कसंय ना, घर सोडायचं असलेला माणूस सामान बांधतो. भिंती नाही रंगवत."

"कोण घर सोडतंय?" धाकटी उठलीच. "ताई, या कोण?"

"कुणी नाही गं," बाबा घाईघाईने स्टुलावरून उतरले. "या मीटर बघायला आल्यात. विजेचं."

"मी मीटरवाली नाही!" बाई उखडल्या. "आजोबा, तुम्हाला खोली सोडायला सांगितलंय की नाही?"

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. मग छाती पुढे काढून म्हणाले, "छे! आपलं अगदी मजेत चाललंय."

बाईंनी पर्स खांद्याला लावली. "मग माझं काम झालं. मुलगी काय म्हणते त्यावर मी खोली देऊ शकत नाही, आजोबांनी स्वतः सांगायला हवं. रांगेत माणसं आहेत, ताई."

क्षणभर थोरलीला वाटलं, जाऊ दे. होऊ दे यांची शोभा, बसू देत बाळाला घेऊन फुटपाथवर. पण बाई खरोखरच दारापर्यंत पोचल्या, तशी तिची जीभ सुटली.

"मॅडम, थांबा. हा रंग कशाला लावलाय ते मी सांगते. मी इथे रोज येते, माझ्यासाठी कुणी ब्रश ओला करत नाही. हिच्यासाठी केला. ही येणार म्हटल्यावर आमचे बाबा बुडत्या होडीलासुद्धा रंग देतील. हिला दिसू नये ना, बाप रस्त्यावर येतोय ते! 'तिच्या डोक्याला ताप नको!'" शेवटचं वाक्य हुबेहूब बाबांच्या आवाजात निघालं, आणि त्याच आवाजात तिला रडू फुटलं.

ब्रशवरून एक थेंब बाबांच्या पायावर पडला.

"आजोबा?" बाई हळूच म्हणाल्या.

"खरं बोलतेय ती," बाबा खाली बघत म्हणाले. "महिनाअखेरीला जायचंय. कुठे, ते ठाऊक नाही. हिलाच विचारा. माझं सगळं हिला ठाऊक असतं, मला स्वतःलासुद्धा नसतं तेवढं."

बाई खाली जाऊन तिथेच राहणाऱ्या घरमालकाला विचारून आल्या. त्यालाही रंगाचा वास लागला होता आणि त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. "जाता जाता खोली रंगवून दिली काकांनी! म्हटलं ना, घरचाच माणूस!" त्याहून मोठा पुरावा बाईंना नको होता. "तळमजल्याची खोली तुमची, आजोबा. सोमवारी या. आणि कसंय ना, तिथल्या भिंतींना हात लावू नका."

बाई गेल्या तेव्हा धाकटी भिंतीला टेकून मुसमुसत होती. कोटाची अख्खी पाठ पिवळी.

"मला का नाही सांगितलं?" ती थोरलीवरच फिरली. "फोन केला की 'मजेत आहे'. जेव्हा बघावं तेव्हा मजेतच! तुला सगळं सांगतात. रडतातसुद्धा तुझ्याजवळ, हो ना? आणि मला काय, रंगवलेल्या भिंती?"

आपला कुणी हेवा करेल, आणि तेही धाकटी, हे थोरलीच्या स्वप्नातही नव्हतं. 'घे की मग,' असं अगदी ओठांवर आलं होतं. 'डबा घे, दवाखाना घे, कार्यालयाच्या खिडक्या घे, आणि तुझं ते बाळपण मला दे.' पण ते बाहेर पडेना. देऊन टाकायची वेळ आली तेव्हा तिला कळलं, यातलं चिमूटभरही आपल्याला सोडायचं नाहीये.

तिने पदराने धाकटीची पाठ पुसली. रंग आणखीच पसरला.

"सोमवारी सामान हलवायला येऊ?" धाकटीने नाक ओढत विचारलं.

"ये ना. खाट उचल, भांडी उचल," थोरली म्हणाली. "औषधांची पिशवी मात्र माझ्याकडेच राहील."