सोबत कोण आलंय?

कडेगावच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षे कंपाउंडर म्हणून काढल्यावर आणि पत्नी गेल्यावर गुरुनाथराव मुलाकडे, ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये आले. मुलगा अभिषेक सकाळी सातला पेनरोजच्या डेपोत कामाला जाई. सून मृदुला नर्स, तिच्या पाळ्यांना धरबंध नव्हता. आठपर्यंत घर रिकामे होई. मग ते चहाचा कप घेऊन मागच्या कुंपणाशी उभे राहत.

पलीकडे मोराग राहत असे. वय ब्याऐंशी, एकटी. बाविसाव्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली. साठ वर्षांतही तिच्या जिभेवरून तिचे गाव उतरले नव्हते. पहिल्याच आठवड्यात डोळे बारीक करून ती म्हणाली, "आज तू पीली-वॉली दिसतोस."

गुरुनाथराव गोंधळून पाहत राहिले.

"पीली-वॉली! तोंडावर रक्त नाही, अंगात जीव नाही. आजारी नाहीस, पण बराही नाहीस. हातातल्या त्या कपासारखा पांढरा पडलायस. रात्री जेवलास का?"

ते जेवले नव्हते. घरात कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

त्यानंतर तीन वर्षे ही तपासणी रोज झाली.

"आज थोडा पीली-वॉली. सून ओरडली वाटतं?"

"नाही, क्रिकेटमध्ये हरलो आम्ही."

"मग असंच पाहिजे."

आपण चेहरा उतरला म्हणतो, पांढराफटक पडला म्हणतो. त्या शब्दांत काळजी असते. मोरागच्या शब्दात काळजीइतकीच थट्टा होती. त्यामुळे ऐकताना माणूस खचत नसे. आज आपल्याकडे कुणीतरी पाहिले, एवढे मात्र त्याला कळे. गुरुनाथरावांचा दिवस त्यावर निघे.

त्यांनी स्वतः तो शब्द तोवर कधी उच्चारला नव्हता. दवाखान्यातली त्यांची एक शिस्त होती. बाईचा चेहरा फिकट दिसला, तरी तिच्याशी त्याविषयी बोलायचे नाही. "सोबत कोण आलंय?" असे विचारायचे आणि जो कोणी पुढे येईल त्याला सांगायचे. तिकडे सोबत कुणीतरी असेच.

गेल्या जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, एका मंगळवारी मोराग कपडे वाळत घालायला आली आणि दोरीचा खांब धरून उभी राहिली. ओठ पांढरे, कपाळावर घाम. एकतीस वर्षांची नजर चुकण्यासारखी नव्हती.

"काय बघतोस?" तिने विचारले.

शब्द ओठांवर आला होता. पण त्यांची नजर सवयीने तिच्या मागे गेली. तिथे ओले टॉवेल होते, दुसरे कुणी नव्हते.

"काही नाही," ते म्हणाले. "थंडी फार आहे."

संध्याकाळी मृदुलाला सांगू, ती जाऊन बघेल, असे त्यांनी ठरवले. मृदुलाची पाळी लांबली. बुधवारी सकाळी मोरागच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती.

शुक्रवारी ते बसने हॉस्पिटलात गेले. पोटात रक्तस्राव झाला होता. रक्त चढवल्यावर ती सावरत होती. खुर्ची ओढून ते बसले आणि खाली पाहत म्हणाले, "मंगळवारी तुम्ही पीली-वॉली होतात."

"बघितलंस तू?"

"हो."

"आणि गप्प राहिलास, गाढवा?"

त्यांनी दवाखान्याची शिस्त सांगितली. तुमच्या सोबत कुणी असते, तर त्याला सांगितले असते, म्हणाले.

मोरागने उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली. "तीन वर्षं रोज सकाळी कुंपणाशी कोण उभं असायचं?" तिने विचारले.



पंधरा दिवसांनी मोरागची मुलगी येऊन तिला डनेडिनला आपल्या घरी घेऊन गेली. मोराग दर रविवारी फोन करते. "कसा दिसतोस?" असे विचारते आणि फोनवर ते कळत नाही म्हणून स्वतःच चिडते. पलीकडच्या घरात अजून भाडेकरू आलेला नाही. गुरुनाथराव आठ वाजता चहा घेऊन कुंपणाशी जातात आणि चहा निवेपर्यंत थांबतात.

परवा मृदुला रात्रपाळी करून आली. सासऱ्याने सुनेच्या चेहऱ्याविषयी बोलण्याची त्यांच्या घरात रीत नव्हती. किल्ली ठेवून ती खोलीकडे वळली, तेव्हा ते खुर्चीतून उठले.

"मृदुला, आज तू पीली-वॉली दिसतेस."

"काय म्हणालात, बाबा?"

"चेहऱ्यावर रक्त नाही तुझ्या. जेवलीस का रात्री?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही."

त्यांनी गॅसवर दूध ठेवले.