डोमाजीची निळ्या फुलांची फरशी

पांढरकवड्याच्या डोमाजी ड्रायव्हरला फरशी पसंत करायला अख्खा हिवाळा लागला. नागपूरच्या प्रत्येक खेपेला तो दुकानासमोर ट्रक उभा करी, चपला काढून नमुन्यांवर उभा राही आणि नाक मुरडून निघून जाई. शेवटी निळ्या फुलांची, चिनी मातीची, आरशासारखी चकचकीत फरशी त्याच्या मनात भरली.

ती घरात बसवली आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, पाटा-वरवंटा अंगणात, चूल पडवीत. बायको, कांताबाई, घसरून पडली तेव्हा डोमाजी धावत आला आणि त्यानं आधी फरशीला तडा गेला का ते पाहिलं. तेव्हापासून ती घरात भिंत धरून चालू लागली.

बुद्धपौर्णिमेला तो फरशी दाखवायला सासरच्या सगळ्यांना ट्रकमध्ये भरून घेऊन आला. दारात उमरखेडहून आलेली त्याची थोरली बहीण गिरजाबाई हात पुसत उभी होती.

"डोमा, सणाचा दिवस अन् जमीन तशीच? कांता पाण्याले गेलती, म्या सारवून टाकली."

घरभर शेणाचं सारवण सुकून खडखडीत झालं होतं. एकही फूल दिसत नव्हतं.

"सारवण मस्त हाये," सासरे म्हणाले, "पण जावईबापू, फरशी कुठी हाये?"

डोमाजीनं सारवण धुवायला बादली उचलली. तेवढ्यात कांताबाई चहाचं ताट घेऊन, भिंत न धरता, झपाझप चालत आली.

"ठेवा ते बादली," ती म्हणाली. "आज कुठी मले हे घर माहं वाटून राह्यलं."